पवनक्षेत्रे आणि वातावरण : प्रतिरूपांची परीक्षा

पवनचक्क्यांचा समूह वाऱ्यापासून केवळ ऊर्जा घेतो असे नव्हे. ज्या वातावरणात तो उभा असतो, त्यातही तो पालट घडवितो. बालाघाटाच्या पठारावर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत, असे समूह उभे आहेत. आणि पाऊस हुकला की पवनचक्क्यांनी ढग पळविले, ही तक्रार महाराष्ट्रात ऐकू येते. तिला शास्त्राने कोणते उत्तर द्यावे, हे प्रचलित गणिती प्रतिरूपांच्या योग्यतेवर अवलंबून आहे.

जेन्सन यांनी १९८३ साली डेन्मार्कमध्ये मांडलेले प्रतिरूप यांत सर्वांत साधे. चक्कीमागील मंदावलेल्या वाऱ्याचा पट्टा अंतराच्या प्रमाणात रुंदावतो, हे त्याचे मुख्य गृहीतक. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने वेग १० टक्क्यांनी घटला, तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. म्हणून चक्क्यांतील अंतर ठरविण्यास हे प्रतिरूप उपयोगी पडते. परंतु त्यात तापमानाला स्थानच नाही. दुपारची ढवळलेली हवा व रात्रीची स्तब्ध हवा त्याच्या लेखी सारखीच.

ही उणीव फिच व सहकाऱ्यांनी २०१२ साली बरीचशी दूर केली. हवामानाच्या प्रादेशिक प्रतिरूपात त्यांनी पवनक्षेत्र हे वाऱ्याला रोधणारे आणि संक्षोभ निर्माण करणारे स्थान मानले. त्यामुळे उष्णतेच्या उभ्या वहनाचा विचार शक्य झाला. तथापि या पद्धतीत संक्षोभ वाजवीपेक्षा अधिक धरला जातो, हे आर्चर व सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले. शिवाय तिच्या जाळीतील एक घर एक किलोमीटर वा त्याहून मोठे असते. बालाघाटाचा तुटलेला कडा त्यात पुसट होऊन जातो.

पावसाविषयीचा निर्णय यामुळे अडत नाही. चक्कीच्या पात्याचे टोक साधारणतः २०० मीटरांच्या आत राहते. पावसाळी ढगांना लागणारे बाष्प शेकडो किलोमीटरांवरून येते. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने पवनचक्क्यांवाचूनच सोसला. ढग पळविल्याचा आरोप म्हणून टिकत नाही.

परंतु एवढ्यावरून ‘परिणाम शून्य’ असे म्हणणे हीही घाईच होय. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असते. पात्यांच्या संक्षोभाने ती मिसळतात. टेक्सासमधील पवनक्षेत्रांवर २००३ ते २०११ या काळात, भोवतालच्या प्रदेशाच्या तुलनेने, दशकास ०.७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवाढ उपग्रहांनी नोंदविली. ती मुख्यतः रात्रीची होती. ही उष्णता नव्याने निर्माण होत नाही, तिची केवळ फेरवाटणी होते. मात्र हरभरा व रब्बी ज्वारी थंड रात्रींवर वाढतात, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने हा भेद गौण ठरत नाही.

परदेशी सपाट प्रदेशांत पडताळलेला गुणांक येथे तसाच वापरणे म्हणजे उत्तर उसने घेणे होय. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, लातूर पठारावर. दोन्हींकडील रात्रीची हवा एकाच मापाने मोजता येणार नाही. पवनक्षेत्राच्या वाताभिमुख व वातविमुख बाजूंस, दोन उंचींवर, चक्क्या चालू व बंद असताना रात्रीचे तापमान मोजणे, हे काम नांदेड-लातूरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. अशा नोंदींवाचून तक्रार करणारा आणि तिला हसणारा, दोघेही सारखेच निराधार राहतात.