सिमला बीट आणि आमची ‘मेड इन यूएसए’

उल्हासनगरच्या मालावरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आमच्या बदलापूर-अंबरनाथकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. परवा लोकलमध्ये ‘सिमला बीट १९७०’ ऐकताना तोच आठवला.

सिमला सिगारेटच्या कंपनीने देशभरातल्या बँड्सची स्पर्धा भरवली, त्याची ही रेकॉर्ड. साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि लंडनमध्ये एलएसडीच्या संगतीने जे सायकेडेलिक रॉक जन्मलं, त्याची छाप इथे उघड ऐकू येते. त्यातली गिटार तर आजही झिंग आणते.

ही नक्कल आहे, अशी टीका होते. मला ती पटत नाही. उल्हासनगरशेजारी वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं, की वस्तू उघडून तशीच बनवून बघणं हे शिक्षणच आहे. मी कोडिंगही असंच शिकलो.

माझी तक्रार वेगळी आहे. अमेरिकेत त्या आवाजामागे व्हिएतनामचं युद्ध होतं, सक्तीची सैन्यभरती होती. इथल्या पोरांनी आवाज घेतला, पण त्यांचं स्वतःचं भांडण कशाशी होतं, ते मला या गाण्यांत सापडत नाही.

तेही इथे घडू शकत होतं. बीट कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आला, तेव्हा अशोक शहाणे, अरुण कोलटकर त्याला भेटले. १९६३ मध्ये शहाण्यांनी ‘असो’ काढलं. हे लोक भांडले ते मराठीतल्या प्रस्थापितांशी. लघुअनियतकालिकांच्या त्याच काळातून नामदेव ढसाळ पुढे आले आणि १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आला. त्यातली मुंबई उसनी नव्हती.

प्रश्न इंग्रजीचाही नाही. कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ मध्ये इंग्रजीतच आली. तरी ती इथलीच आहे.

अर्थात, अनियतकालिकाला कागद आणि चार मित्रांची वर्गणी पुरायची. गिटार, ॲम्प्लिफायर, स्टुडिओ यांना पैसा लागतो. तो सिगारेट कंपनीने दिला. कंपनीच्या मंचावर बंडाचा आवाज चालतो, बंड चालेलच असं नाही.

हे लिहिताना मला आमचा इंजिनिअरिंगचा बँड आठवतो. चार वर्षं आम्ही पिंक फ्लॉइड हुबेहूब वाजवलं. रोज दारात लटकून कॉलेज गाठायचो, पण त्या प्रवासावर एक गाणं आम्हाला सुचलं नाही. आमच्याकडे तर कुठली कंपनीही नव्हती.