स्वयंचलित चाचणी आणि अपेक्षित उत्तराचा प्रश्न

महाड तालुक्यातील वीर हे स्थानक कोकण रेल्वेच्या आरंभापासूनचे आहे. रोहा ते वीर हा या मार्गाचा महाराष्ट्रातील पहिला टप्पा जून १९९३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. २०२१ मध्ये याच टप्प्याचे दुपदरीकरण पुरे झाले आणि वीरच्या उत्तरेस दुहेरी व दक्षिणेस एकेरी मार्ग अशी स्थिती निर्माण झाली. दुहेरी मार्ग जेथे एकेरी होतो, तेथे परस्परांसमोर येणाऱ्या गाड्यांना एकच रूळ पाळीपाळीने द्यावा लागतो. हे काम पूर्वी तरफा आणि खटके यांच्या साहाय्याने होई. आता अनेक स्थानकांवर ते संगणकाच्या स्वाधीन झाले आहे. अशा संगणकातील आज्ञावली विश्वसनीय आहे हे कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही. त्याचे उत्तर अलीकडे बहुधा ‘स्वयंचलित चाचणी’ या दोन शब्दांत दिले जाते. ते उत्तर कितपत पुरेसे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कोणत्याही चाचणीची तीन अंगे असतात. आज्ञावलीस काही माहिती पुरवावयाची, ती चालवावयाची, आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहावयाचे. यांपैकी चालविण्याचे व ताडण्याचे श्रम यंत्राने केव्हाच उचलले आहेत. १९९७ मध्ये केंट बेक व एरिक गामा यांनी रचलेल्या ‘जेयुनिट’ने ही सवय सर्वत्र रूढ केली. माहिती निवडण्याचे कामही हळूहळू यंत्राकडे गेले. १९९० मध्ये बार्टन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक माहितीचा मारा करून नित्याच्या वापरातील अनेक आज्ञावल्या कोसळविल्या. २००८ मधील ‘क्ली’ने आज्ञावलीतील अटींचे गणित सोडवून नेमकी माहिती शोधण्याची रीत दाखविली. परंतु अपेक्षित उत्तर कोठून आणावयाचे, हा प्रश्न या सर्व प्रगतीनंतरही जागच्या जागी उभा आहे. एलेन वेयुकर यांनी १९८२ मध्येच दाखविले होते, की ज्यांचे खरे उत्तर आधी ठाऊक नाही अशा आज्ञावल्यांची चाचणी नेहमीच्या अर्थाने होऊच शकत नाही.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण संख्येच्या मोहात आहे. एखाद्या स्थानकाच्या यंत्रणेत सांधे, रूळ व सिग्नल यांची मिळून केवळ ४० द्विमूल्यी स्थाने मानली, तरी त्यांच्या संभाव्य जुळण्या सुमारे १,१०,००० कोटी होतात. सेकंदाला १,००० चाचण्या घेणाऱ्या यंत्रासही त्या संपविण्यास जवळजवळ ३५ वर्षे लागतील. सर्व चाचण्या घेणे अशक्य, म्हणून काही निवडावयाच्या. आणि निवड पुरेशी झाली की नाही, हे आज्ञावलीच्या किती ओळी चालल्या यावरून, म्हणजे ‘व्याप्ती’वरून ठरवावयाचे, असा प्रघात पडला. व्याप्तीचे मोजमाप निरुपयोगी नाही. जो भाग चाललाच नाही त्याची परीक्षा झाली नाही, एवढे ते निश्चित सांगते. परंतु जो भाग चालला त्याची परीक्षा झालीच, असे ते सांगत नाही. रूळ मोकळा असल्याखेरीज सांधा फिरवू नये, ही अट लिहिण्याचेच राहून गेले, तर उरलेल्या आज्ञावलीची प्रत्येक ओळ चालूनही व्याप्ती शंभर टक्के येईल. जे लिहिलेलेच नाही ते व्याप्तीत मोजले जात नाही. लॉरा इनोझेमत्सेवा व रीड होम्स यांनी २०१४ मध्ये केलेल्या अभ्यासातही, चाचण्यांची संख्या सारखी धरल्यास, व्याप्ती आणि दोष पकडण्याची शक्ती यांचा संबंध फारसा दृढ आढळला नाही.

अपेक्षित उत्तर आज्ञावलीच्या बाहेरून आले, तरच चाचणीस साक्षीचे मोल येते. रेल्वेच्या इंटरलॉकिंगमध्ये हे पथ्य फार पूर्वीपासून पाळले गेले आहे. कोणता मार्ग देताना कोणते सांधे कोणत्या बाजूस हवेत, कोणते रूळ मोकळे हवेत आणि कोणते विरोधी मार्ग अडविलेले हवेत, याचा ‘कंट्रोल टेबल’ नावाचा तक्ता स्थानकाच्या आराखड्यावरून आधी तयार होतो. संगणकाचे वर्तन त्या तक्त्याशी ताडले जाते. तक्ता करणारा आणि आज्ञावली लिहिणारा यांच्या चुका सहसा एक नसतात. या भिन्नतेतच सुरक्षिततेचा खरा आधार आहे.

पुण्याच्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रातील कार्य या दृष्टीने लक्षणीय आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात आर. वेंकटेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एक्स्प्रेसिव्ह डिसिजन टेबल्स’ ही पद्धती विकसित केली. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत यंत्रणेकडून असलेल्या अपेक्षा तक्त्याच्या रूपाने लिहून त्यांवरून चाचण्या यंत्राकडून घडविल्या जातात. येथे यंत्र श्रम करते, परंतु निवाड्याचा आधार अपेक्षांच्या तक्त्यात राहतो. याच केंद्राच्या ‘व्हेरिफझ’ या साधनाने २०१९ मधील पहिल्या ‘टेस्ट-कॉम्प’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अग्रक्रम मिळविला. हे यश मोठे आहे. तथापि त्याचे स्वरूप नीट ओळखावयास हवे. त्या स्पर्धेत दोषाचे स्थान आज्ञावलीत आधीच खूण करून ठेवलेले असते, अथवा व्याप्ती मोजावयाची असते. म्हणजे चूक कशाला म्हणावयाचे, हे संयोजकांनी ठरवून दिलेले असते. प्रत्यक्ष व्यवहारात ती खूण कोणी करून ठेवलेली नसते.

व्यवहारातील दुसरी अडचण अशी, की तक्त्यात सारे जग मावत नाही. कोकण रेल्वेने बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी उपकरण सिद्ध केले, त्याचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. उपग्रहावरून स्थान जाणून, रेडिओद्वारे जवळच्या गाड्यांशी संपर्क साधून, धोका दिसताच आपोआप ब्रेक लावावयाचा, अशी त्याची योजना होती. एकेरी मार्गावर दोन गाड्या परस्परांकडे येत असतील, तर निर्णय सोपा असतो. दोन समांतर रुळांवर मात्र समोरून येणारी गाडी शेजारच्या रुळावर आहे की आपल्याच, हे थोड्या मीटरांच्या अंतरावरून ठरवावे लागते. आणि साध्या उपग्रही मापनातील चूक त्याच प्रमाणाची असू शकते. मार्गातील वळणांच्या मोजणीवरून रूळ ओळखण्याची युक्ती योजावी लागली ती यामुळेच. प्रयोगशाळेत स्थानाचे अचूक आकडे पुरविले, तर अशी आज्ञावली प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होईल; परंतु तेथे आज्ञावलीची परीक्षा होते, आकड्यांची नव्हे. जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या ‘कवच’ने रुळांमध्ये रेडिओ टॅग बसवून गाडी कोणत्या रुळावर आहे हे थेट वाचण्याचा मार्ग धरला. अनुमानाने जाणावयाची गोष्ट येथे वाचून ताडण्याजोगी झाली. चाचणीसुलभता ही अशी रचनेतच आणावी लागते. मागाहून चाचण्या वाढवून ती येत नाही.

तिसरी अडचण बदलाची. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाईनकडे वळलेला होता. २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या मंडलातील पूर्वीच्या फेरबदलांत आणि फाटकाच्या अडसराच्या कामात झालेल्या त्रुटी हे कारण आढळले. तर्कशास्त्र बरोबर असूनही त्यास पोहोचणारी वार्ताच खोटी असेल, तर बरोबर तर्कच घातक ठरतो. एकदा उत्तीर्ण झालेली चाचणी ही त्या दिवशीच्या यंत्रणेविषयीची साक्ष असते. तार हलली की ती साक्ष संपते. चाचण्या पुनःपुन्हा व आपोआप चालविण्याचे खरे समर्थन येथे आहे. परंतु ती पुनरावृत्ती संगणकाच्या पडद्यावर न थांबता प्रत्यक्ष सांध्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर सांप्रतच्या सर्वांत गाजणाऱ्या प्रवृत्तीचे परीक्षण करणे इष्ट आहे. भाषाप्रतिमानांकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून, आज्ञावली वाचवून घेऊन तिच्या चाचण्या लिहवून घेण्याची रीत झपाट्याने पसरत आहे. तिने श्रम वाचतात, व्याप्ती वाढते, आणि नवा बदल करताना जुने वर्तन बिघडले का हे चटकन कळते. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु अपेक्षित उत्तर आज्ञावलीवरूनच काढले, तर आज्ञावलीतील चूक हीच अपेक्षा ठरते. आरोपीच्या जबानीवरून साक्षीदार पढवावा, तसा हा प्रकार होय. आज्ञावली आणि चाचण्या एकाच प्रतिमानाने लिहिल्या, तर उरलीसुरली भिन्नताही नाहीशी होते, आणि पडद्यावरील हिरव्या खुणांची रांग अज्ञानाचे आश्वासन बनते.

उपाय मुळीच नाही असे नव्हे. डिमिलो, लिप्टन व सेवर्ड यांनी १९७८ मध्ये सुचविल्याप्रमाणे आज्ञावलीत मुद्दाम लहान चुका पेरून चाचण्या त्या पकडतात की नाही हे पाहता येते. यात परीक्षकाचीच परीक्षा होते. उत्तर ठाऊक नसेल तेथे उत्तरांमधील संबंध तपासता येतात: स्थानकाचा आराखडा आरशात पाहावा तसा उलटा केला, तरी परस्परविरोधी मार्ग विरोधीच राहिले पाहिजेत. हे संबंध सुचण्यास मात्र विषयाचे ज्ञान लागते, आणि ते सिग्नल अभियंत्याशी व सांधेवाल्याशी बोलल्याखेरीज मिळत नाही.

१६ जून २००४ रोजी वीरच्या पुढील करंजाडीनजीक रुळावर आलेल्या दरडीने मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्या दगडास कोणत्याही आज्ञावलीत स्थान नव्हते. त्यानंतरही पावसाळ्यात या मार्गावर गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि गस्तवाले कड्यांखालून चालत असतात. कारण यंत्रणेच्या अपेक्षांबाहेर काय आहे, हे पाहण्यास कोणीतरी बाहेर असावे लागते. स्वयंचलित चाचणीवरील प्रबंधांत किती चाचण्या झाल्या व किती व्याप्ती मिळाली, हे आवर्जून दिलेले असते. अपेक्षित उत्तर कोणी ठरविले आणि ते आज्ञावलीपासून किती स्वतंत्र होते, हे कलम त्यांत क्वचितच आढळते. परीक्षकांनी प्रथम तेच विचारावे.