चर्चचे वर्णन : इंग्रजी संज्ञा आणि मराठी दृष्टी

आपल्या चर्चवास्तूंविषयी जे साधार लेखन झाले, त्यातील बरेचसे इंग्रजीत आहे. डॉ. जे. गेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील १८७६ सालचा ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण. गोव्यात जन्मलेल्या व मुंबईत वैद्यकी करणाऱ्या या लेखकाने वसई किल्ल्यातील भग्न चर्चांमधले शिलालेख नोंदवून ठेवले. हे ऋण आम्ही मानतो. तेथील संत जोसेफ चर्चच्या दारावरील लेखात १६०१ हे साल आहे. परंतु त्यातील पोर्तुगीज क्रियापद 'बांधले' असे सांगत नाही, 'नव्याने उभारले' असे सांगते. एका क्रियापदाकडे दुर्लक्ष झाले, तर वास्तूचे वय चुकते. वर्णन म्हणजे विशेषणांची आरास नव्हे, हे येथे पटते.

तथापि इंग्रजी संज्ञा जशाच्या तशा उचलून आपले काम भागत नाही. भाविक जेथे बसतात त्या मुख्य दालनाला इंग्रजीत 'नेव्ह' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील नौकावाचक शब्दापासून आला. आपली 'नाव' त्याच कुळातली. इंग्रजी वाचकाला त्यात आता नौका सहसा ऐकू येत नाही. मराठीत मात्र ती प्रतिमा सहज जिवंत करता येईल.

सोयीचे मराठी शब्दही फसवे असतात. मुखेडच्या वाचकांना दशरथेश्वराच्या प्राचीन देवालयामुळे सभामंडप, गर्भगृह हे शब्द परिचित आहेत. 'सभामंडप' चर्चलाही शोभेल. वेदीच्या जागेला 'गर्भगृह' म्हटले की अर्थ बिघडतो. गर्भगृह आतले, लहान व अंधारे. वेदी साऱ्या मंडळीसमोर मांडलेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) तर ठिकठिकाणी वेदी भिंतीपासून पुढे आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पू लागले. म्हणून 'वेदीस्थान' हा साधा शब्दच आम्हांस योग्य वाटतो.

नांदेड-लातूरचा भाग १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. येथील लहान चर्चना भव्य कमानी नसतील. पण कोनशिला आहे, वेदी आहे, ती उभारणारे हात आहेत. स्मरणिकेसाठी मजकूर लिहिताना उसनी इंग्रजी वाक्ये न घेता कोनशिलेवरील अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत, वडीलधाऱ्यांना विचारावे आणि पाहिले तेवढेच मराठीत लिहावे. ज्या वास्तूला आपल्या भाषेत शब्द नाहीत, ती आपली असूनही परकी राहते.