हप्त्याचं घर आणि न लिहिलेला हात : निपाणी परिसरातील सरकारी घरांकडे इतिहासाच्या नजरेतून

आपल्या भागाच्या इतिहासावर लिहिताना वाडे, वेशी, गढ्या, मंदिरं आणि तंबाखूच्या वखारी यांना जागा मिळते. ती मिळायलाच हवी. पण गेल्या चाळीस वर्षांत निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या गावांचं रूप ज्या एका गोष्टीने सर्वांत जास्त बदललं, तिच्यावर आपल्याकडे जवळपास काहीच लिहिलं गेलेलं नाही. ती गोष्ट म्हणजे गावाबाहेरची सरकारी योजनेतली घरं. कुणी त्यांना ‘जनता घरं’ म्हणतं, कुणी ‘आश्रय’, कुणी नुसतंच ‘हप्त्याचं घर’. ही घरं वारसा नाहीत असं आपण गृहीत धरलं आहे. हे गृहीतक तपासून पाहायची वेळ आली आहे, असं मला वाटतं.

आधी घरं उठतात कशी ते पाहू. 1985-86 मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत ठेकेदाराला मज्जाव होता. घर लाभार्थ्यानेच बांधायचं, सरकार पैसे देणार. कर्नाटकात 1991-92 पासून आश्रय योजना आली. आज राजीव गांधी ग्रामीण वसती निगमामार्फत चालणाऱ्या योजनांतही हाच सांगाडा आहे : पाया, चौकटीच्या वरची पातळी, छत आणि पूर्ण घर, असे चार टप्पे. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, तो वर चढवायचा, मग पुढचा हप्ता. म्हणजे कागदावर हे घर चार फोटोंचं असतं. दोन फोटोंच्या मधे दगड कुणी वाहिले, वाळू कुणी चाळली, भिंतीला पाणी कुणी मारलं, हे फोटोत येत नाही.

आपल्या गावांना हे नवीन नव्हतं. जुनी घरं अशीच उभी राहत. पांढरीची माती आणायची, भुसा घालून ती पायांनी तुडवायची, भेंडे पाडून वाळवायचे, दगडी जोत्यावर भिंत चढवायची. तुळई चढवायला भावकी आणि शेजारी यायचे. तो पैरा असे : आज तुझ्या घरावर मी, उद्या माझ्या घरावर तू. गवंडी आणि सुतार तेवढे पैशाचे किंवा धान्याचे. बाकी कष्ट घरचे आणि गावचे. सरकारी योजनेने नेमका हाच पैरा गृहीत धरला. तुटपुंज्या रकमेत घर होतं, कारण उरलेलं घर माणसांच्या अंगमेहनतीतून येतं, हे योजना आखणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. फक्त त्यांनी ती मेहनत कुठल्या रकान्यात मांडली नाही.

उशिरा का होईना, एक रकाना निघाला. 2016 च्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपये, किमान 25 चौरस मीटरचं घर (म्हणजे साधारण 270 चौरस फूट, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा) आणि त्याशिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी ठरली. स्वतःच्या घरावर राबलेल्या दिवसांना दर लागला. पण तो दर आपल्या सीमेवर काय दिसतो ते बघा. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी कर्नाटकात 349 रुपये होती, महाराष्ट्रात 297. नव्वद दिवसांचे इकडे 31,410, तिकडे 26,730. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये अंतर ते किती. भाषा तीच, सोयरीक तीच, भिंत बांधायची रीतही तीच. फरक पावणेपाच हजारांचा. इथे निपाणीकर फायद्यात दिसतो खरा. पण यादी, अर्ज आणि मंजुरीचा कागद त्याला कन्नडमध्ये मिळतो, आणि घरात बहुतेक वेळा वाचणारं माणूस मराठी शाळेतलं असतं. 1 नोव्हेंबर 1956 ची रेषा सरकारी घराच्या अंगणातून अशी जाते.

निपाणीत आणखी एक पेच आहे आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. हा विड्यांचा मुलूख. विडी वळणारी बाई घरातच काम करते. सूप मांडीवर, पानं भिजवलेली, तंबाखू शेजारी. तिची मजुरी हजार विड्यांवर. तिच्यासाठी घर म्हणजे कारखानाच. आता ज्या दिवशी ती गिलाव्याला पाणी मारते किंवा विटा उचलून देते, त्या दिवशी तिच्या विड्या होत नाहीत. म्हणजे ‘स्वतःचे श्रम’ फुकट नसतात. ते बुडालेल्या मजुरीतून येतात. 1976 च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, त्यातून घरकुलाला अनुदानही मिळू लागलं. तरी 270 चौरस फुटांत चूल, अंथरूण आणि विडीचं सूप एकत्र बसवताना उजेड कुठून येईल, तंबाखूची धूळ कुठे जाईल, हा विचार आराखड्यात दिसत नाही. जुन्या घराला निदान सोपा होता. सोप्यात उजेड होता, शेजारीण होती, बोलता बोलता हात चालत. नव्या घरांपुढे लोकांनी पत्र्याची पडवी काढली आहे. तिला कुणी अतिक्रमण म्हणेल. मी तिला सोप्याची परतफेड म्हणेन.

या सगळ्यावर जगात मोठा वाद झालेला आहे. पेरूमधल्या वस्त्यांत काम केलेले जॉन टर्नर यांनी 1970 च्या दशकात मांडलं की घर ही वस्तू नसून करण्याची क्रिया आहे. राहणाऱ्याच्या हातात निर्णय द्या, घर त्याला शोभेल असं होईल. त्यावर रॉड बर्जेस यांनी टीका केली की हा गरिबांच्या फुकट श्रमाला दिलेला मुलामा आहे, याने मजुरी स्वस्त राहते आणि सरकार मोकळं होतं. आपल्या भागात पाहिलं तर दोघंही अर्धे बरोबर ठरतात. कष्ट मालकाचे घेतले, टर्नर खूश. पण निर्णय? मोजमाप वरून, टप्पे वरून, फोटो वरून. श्रम सोपवले, अधिकार ठेवून घेतला.

हे वेगळं होऊ शकतं, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये दोन वाटा एकाच वेळी चालल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं उचलून रुंद रस्त्यांच्या आखीव वसाहतींत बसवली गेली. दुसरीकडे, दीड लाखाहून अधिक घरं जागच्या जागीच दुरुस्त आणि मजबूत करण्यासाठी मालकांकडे दिली गेली. तिथे गावोगाव बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. पैसे कसे मिळतात, भिंतीत जोडदगड का घालायचा, हे त्यांनी घरोघर समजावलं. आखीव वसाहतींत गल्ली मोडली, भावकी पांगली, ही तक्रार पुढेही टिकली. जागच्या घरांत गल्ली शाबूत राहिली. श्रमाबरोबर माहिती आणि निर्णयही दिले, की मालकाची मेहनत वेठ राहत नाही.

मग ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. वेदगंगा-दूधगंगा चढल्या, यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला, आणि दिवसेंदिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंती खचल्या. पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारने 5 लाख जाहीर केले, तेही टप्प्याटप्प्यानेच. त्या पैशांतून जी घरं उभी राहिली ती बहुतेक सिमेंटची. मातीचं घर पुरात पडलं म्हणून माती वाईट, असा निकाल लागला. दगडी जोतं उंच करून वर माती चालली असती का, हे विचारायला गावात कुणी ‘संवाद सहायक’ नव्हता. भेंडे पाडणारे शेवटचे हात त्या पावसाळ्यात बेकार झाले. वारसा म्हणून आपण ज्याची हळहळ करतो, तो असा जातो. नुसत्या पुराने नव्हे, पुरानंतरच्या नियमाने.

शेवटी मंडळाला एक सूचना. योजनेच्या घरावर फलक रंगवलेला असतो : योजनेचं नाव, वर्ष, रक्कम, लाभार्थी. उद्याच्या अभ्यासकाला हाच शिलालेख मिळेल, आणि त्यात सरकारचा वाटा असेल, घरच्यांचा नसेल. वाड्याच्या कोरीव चौकटीवर गवंड्याचं नाव नाही म्हणून आपण हळहळतो. इथे तर नावं सांगणारी माणसं अजून हयात आहेत. प्रत्येक गावातली पाचदहा हप्त्याची घरं निवडावीत, मापं घ्यावीत, आणि विचारावं : किती दिवस राबलात, कोण पैऱ्याला आलं, कर्ज किती झालं, किती विड्या बुडाल्या, पडवी कधी काढली. ही माहिती कुठल्याही दप्तरात नाही. दहा वर्षांनी ती कुणाच्या तोंडीही नसेल.