पाच छिद्रांचा कागद

आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरच्या बाजूच्या एका परवानाधारक शेतकऱ्याने पुण्याच्या रेंजवर झाडलेल्या पाच गोळ्यांचा कागद माझ्याकडे आहे. रायफल .३१५ बोअरची, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, वडिलांकडून आलेली. अंतर ५० मीटर, दस्त्याच्या पुढच्या लाकडाखाली वाळूची पिशवी, दुर्बीण नाही, नेम माशी आणि खाचेवरच. तक्रार एकच होती, 'बंदूक कधी लागते, कधी लागत नाही.' हा कागद मी बऱ्याच जणांना दाखवला. मधल्या काळ्या वर्तुळात किती लागल्या ते मोजायचं आणि कागद परत द्यायचा, असंच बहुतेकांचं झालं. एवढ्या घाईने परत द्यावा असा हा कागद नाही.

प्रत्येक छिद्राशेजारी पेन्सिलीने १ ते ५ असे आकडे घातलेले आहेत, आणि सगळी गंमत त्या आकड्यांत आहे. पहिलं आणि दुसरं छिद्र एकमेकांना चिकटलेलं, काळ्याच्या जरा खाली डावीकडे. तिसरं अंगठाभर वर. चौथं आणखी वर, थोडं उजवीकडे. पाचवं तर काळ्याच्या वरच्या कडेबाहेर, त्याच तिरप्या रेषेत. आकडे खोडले तर हा नुसता पांगलेला मारा आहे. आकड्यांसकट पाहिला तर छिद्रं एका दिशेने चढत गेलेली दिसतात. नेमबाजाचा हात चुकला असता तर तिसरी गोळी वर, चौथी खाली, पाचवी कुठेतरी बाजूला गेली असती. चुकणाऱ्या हाताला इतकी शिस्त नसते. प्रत्येक गोळीनिशी एकाच बाजूला वाढत जाणारी एक गोष्ट रायफलीत असते, ती म्हणजे नळीची उष्णता.

मोकळी नळी तापली तर फुगते, पण सहसा सरळच राहते. दस्त्याचं पुढचं लाकूड तिला एका बाजूने दाबत असेल तर तापताना ती दाबाच्या उलट बाजूला सरकते. इथे ती उजवीकडे वर चालली होती, म्हणजे लाकूड खालून डाव्या अंगाला टेकत असणार. लाकूड नळीला टेकणं हा मुळात दोष नाही. जुन्या घडणीच्या अनेक रायफलींत ते मुद्दाम टेकवलेलं असतं. अट इतकीच की दर वेळी त्याच जागी आणि तेवढ्याच जोराने टेकलं पाहिजे. घोडनदीच्या खोऱ्यातला पावसाळा ही अट पाळू देत नाही. चार महिने लाकूड ओल पितं, फुगतं, दिवाळीनंतर सुकतं, आणि दर वेळी थोडा वेगळा बाक घेऊन बसतं. त्यात निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा. तिथल्या कोपऱ्यात महिना-दोन महिने उभी राहिलेली रायफल परत आल्यावर पूर्वीसारखीच लागेल, असं मालकाने धरून चालू नये.

इथवर नुसता तर्क झाला. मला खरी दाद द्यावीशी वाटते ती याच्या जोडीच्या दुसऱ्या कागदाला. तेच अंतर, तीच पिशवी, त्याच खोक्यातली काडतुसं. बदल एकच केला होता. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला गार लागेपर्यंत तो शेतकरी थांबला. या कागदावर पाचही छिद्रं पहिल्या जोडीच्या आसपास आहेत. चढण नाहीशी झाली. स्क्रूला हात न लावता, लाकूड न तासता दोष पकडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा संयम फार थोड्या लोकांजवळ असतो. एरवी आपल्याकडे रायफल लागेना की मिस्त्रीकडे न्यायची, त्याने सगळे स्क्रू आवळायचे, माशी जरा ठोकायची, नळी घासायची, वर नवीन काडतुसं घ्यायची. मग ती लागली तरी कशामुळे लागली हे कोणालाच सांगता येत नाही.

कागदावरच्या बाकीच्या खुणा थोडक्यात सांगतो. छिद्रं उभ्या ओळीत पांगली तर श्वास किंवा काडतुसांच्या वेगातला फरक. आडवी पांगली तर वारा किंवा घोड्यावरचं बोट. पाचांचे दोन वेगळे पुंजके पडले तर काहीतरी ढिलं आहे आणि ते दोन जागी बसतंय. अशा वेळी दुर्बिणीचे माउंट आणि दस्त्याला यंत्रणा धरणारे स्क्रू आधी पाहावेत. पहिली एकटी बाहेर आणि बाकी चार एकत्र असतील तर तेल पुसायचं राहिलेल्या नळीचा संशय घ्यावा. सगळीकडे सारखीच विखुरली तर मात्र उत्तर अवघड. मग नळीच्या तोंडाची कड ठेचली आहे का, आटे झिजलेत का, आतमध्ये तांबं साचलंय का, हे एकेक बघावं लागतं. आणि त्याही आधी आरसा बघावा.

.३१५ चा धक्का खांद्याला चांगलाच जाणवतो, आणि शरीर तो येण्याआधीच त्याला घाबरतं. हे पकडायची जुनी युक्ती मला फार आवडते. मित्राने मालकाच्या नकळत भरलेल्या काडतुसांत एखादं रिकामं मिसळायचं. घोडा ओढला, टक् झालं, बार निघाला नाही, पण नळीचं तोंड झपकन खाली गेलं. सगळ्यांनी पाहिलं. बार झाला असता तर त्या धक्क्यात हे कोणालाच दिसलं नसतं, स्वतः झाडणाऱ्याला तर नाहीच.

शरीराचा हा वाटा किती मोठा असतो, ते आपल्या स्वप्नील कुसाळेच्या आकड्यांत वाचावं. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी. गुडघ्यावर बसून १५ गोळ्यांचे १५३.३, पालथं पडून १५ गोळ्यांचे १५६.८, उभं राहून १४ गोळ्यांचे १४१.३. एकूण ४५१.४ आणि कांस्यपदक. गोळीमागे सरासरी काढली तर पालथं पडून १०.४५, गुडघ्यावर १०.२२, उभं राहून १०.०९. रायफल तीच आणि माणूसही तोच, फक्त जमिनीचा आधार कमी होत गेला. जगातल्या पहिल्या तिघांत येणाऱ्या माणसालाही हा फरक चुकत नाही. मग वर्षातून एकदा रेंजवर जाणाऱ्याने उभ्याने दोन गोळ्या मारून रायफलीला नावं ठेवावीत, हे मला पटत नाही. बंदूक तपासायची तर आधी पिशवीवर टेकवा, माणूस तपासायचा तर मग उभे राहा.

तीन गोळ्यांवर निकाल देणाऱ्यांचंही तसंच. मंचरच्या बाजारात तीन दिवसांचा कांद्याचा भाव बघून वर्षाचा हिशेब मांडण्यातला हा प्रकार. तीन छिद्रं नशिबानेही जवळ पडतात. पाच-पाचांचे दोन-तीन कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की मगच रायफलीचा स्वभाव दिसू लागतो. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, त्यामुळे हे सोपं नाही, हे मान्य. म्हणून तर झाडलेली प्रत्येक गोळी लिहून ठेवायची. आपल्याकडे .३१५ ची काडतुसं बनतात ती पुण्यातच, १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. कारखाना कोणताही असो, दोन लॉट तंतोतंत सारखे नसतात. ऑलिंपिकचे नेमबाज रायफल शिकंज्यात धरून लॉट पारखून घेतात ते याचसाठी.

शिकारीची रायफल हे नाव तेवढं उरलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. आंबेगाव-जुन्नरच्या उसात बिबट्यासमोर आज ज्या नेमावर माणसाचा आणि जनावराचा जीव टांगलेला असतो, तो भुलीच्या बंदुकीचा. तिचं शास्त्र याहून नाजूक आहे. डार्ट गोळीच्या मानाने फार सावकाश जातो आणि ठळक कमान घेतो, त्यामुळे अंतराचा अंदाज पाच-सात मीटर चुकला तरी तो पोटाखालून निघून जातो. औषध जास्त भरलं की डार्ट जड, मग कमान वेगळी. दाब कमी पडला तर सुई लागून उसळते, जास्त झाला तर जनावर जखमी होतं. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर चालणारी बंदूक असेल तर थंडी आणखी घोळ घालते. २० अंशांना त्या वायूचा दाब ५७ बारच्या आसपास असतो, १० अंशांना तो ४५ पर्यंत उतरतो. दुपारी अंगणात बरोबर लागलेली बंदूक रात्री बांधावर खाली मारते ती अशी. नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या शिवारात नरभक्षक बिबट्यावर रात्री मारलेला डार्ट लागला नाही. बिबट्या पथकावर आला आणि त्याला गोळ्या घालाव्या लागल्या. अंधार, हलतं जनावर, धास्तावलेलं गाव, यांत कोणाचा नेम कशामुळे चुकला हे बाहेर बसून ठरवण्यात अर्थ नाही. पण माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रात भूल उतरून शांत बसलेलं जनावर पाहताना, त्याच्या मांडीत नेमका बसलेला डार्ट आधी किती कागदांवर तालीम करून आला असेल, याची आठवण लोकांनी ठेवावी.

त्या शेतकऱ्याच्या रायफलीचं लाकूड पुढे परवानाधारक कारागिराने आतून तासलं आणि ओल शिरू नये म्हणून त्याला जवसाचं तेल पाजलं. ज्यांच्या घरी असं हत्यार आहे त्यांना एवढंच सांगणं की पावसाळा सरला, किंवा हत्यार ठाण्यातून परत आलं, की मान्यताप्राप्त रेंजवर जा, पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडा आणि स्क्रू-ड्रायव्हर घरीच ठेवा. छिद्रांना क्रमांक घाला. कागदावर तारीख, अंतर, हवा आणि काडतुसाच्या खोक्यावरचा लॉट नंबर लिहा, आणि कागद परवान्याच्या पुस्तकाबरोबर जपून ठेवा.