इंडोनेशियाच्या पडद्यावरची भुतं

इंडोनेशियात आज थिएटर भरतात ते भयपट. २०२२ मध्ये ‘काकाएन दि देसा पेनारी’ सुमारे एक कोटी लोकांनी पाहिला. समाजकार्यासाठी खेड्यात मुक्कामाला गेलेल्या कॉलेजच्या मुलांची ही गोष्ट मुळात २०१९ मध्ये ट्विटरवर तुकड्या-तुकड्यांनी लिहिली गेली होती. त्याआधी, २०१७ मध्ये, दिग्दर्शक जोको अन्वर यांच्या ‘पेंगाब्दी सेतान’ने चाळीस लाख प्रेक्षकांचा टप्पा ओलांडला होता. नव्वदच्या दशकात जी चित्रपटसृष्टी जवळजवळ आडवी झाली होती, तिला घरचा प्रेक्षक परत मिळवून देण्यात या भुतांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच त्यांची दखल गांभीर्याने घ्यायला हवी.

ही भुतं तिथल्या मातीतली आहेत. पोचोंग म्हणजे कफनात बांधलेलं प्रेत. कुंतिलानाक म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली बाई, आपल्या अळवंतिणीची बहीण शोभेल अशी. सुंडेल बोलोंगच्या पाठीला मोठं भोक असतं. १९८१ च्या ‘सुंडेलबोलोंग’मध्ये सुझाना या अभिनेत्रीने हे भूत अजरामर केलं. त्यातल्या नायिकेवर बलात्कार होतो, न्यायालयात तिला न्याय मिळत नाही, आणि मेल्यावर ती एकेका गुन्हेगाराला गाठते. जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही, तिचं ऐकून घ्यायला पडद्यावर भुताचा जन्म घ्यावा लागला. या परंपरेचं बळ इथे आहे आणि तिचं व्यंगही इथेच आहे, कारण बाईच्या वाट्याला न्याय येतो तो मरणानंतर.

हुकूमशहा सुहार्तो यांच्या राजवटीत भयपटाचा शेवट बहुधा ठरलेला असे. धर्मगुरू येई, प्रार्थना म्हणे आणि सगळं पूर्ववत होई. सेन्सॉरलाही तेच रुचे. १९८० च्या मूळ ‘पेंगाब्दी सेतान’मध्ये नमाजापासून दूर गेलेलं श्रीमंत कुटुंब असंच वाचतं. अन्वर यांनी त्याच कथेला हात घातला आणि नेमकी ही हमी काढून घेतली. त्यांच्या चित्रपटातलं कुटुंब आईच्या आजारपणात कफल्लक झालेलं आहे, आणि मदतीला आलेला उस्ताद स्वतःलाही वाचवू शकत नाही. २०२२ चा दुसरा भाग १९८४ मधल्या जकार्तातल्या एका जीर्ण इमारतीत घडतो. पार्श्वभूमीला त्या काळातलं हत्यासत्र आहे, ज्यात गुंड ठरवलेल्या माणसांना खटल्याविना मारून प्रेतं रस्त्यावर टाकली जात. भुताच्या गोष्टीतून देशाची दडपलेली आठवण वर काढणं, ही या दिग्दर्शकाची खरी कामगिरी आहे.

यशामागून नक्कल येतेच. आता शापित गाव, करणी, कबर आणि मध्यरात्रीचा नमाज यांची तीच ती जुळवाजुळव चित्रपटामागून चित्रपटात दिसते. आवाजाचा धक्का देऊन भीतीचं काम भागवलं जातं. श्रद्धेचा वापर सजावटीसारखा होऊ लागला, तशी चीडही वाढली. २०२४ मध्ये ‘किब्लात’ या चित्रपटाच्या पोस्टरवर उलेमा परिषदेने आक्षेप घेतला आणि तो वेगळ्या नावाने प्रदर्शित करावा लागला. त्याच वर्षी चिरेबोन शहरातल्या एका मुलीच्या खऱ्या हत्येवर भयपट आला आणि लाखोंनी पाहिला. मेलेल्या मुलीचं दुःख तिकीटबारीवर मांडण्याचा हा प्रकार मला अक्षम्य वाटतो. सुझानाच्या भुताला निदान स्वतःचं म्हणणं होतं.

तरीही या प्रेक्षकाला फक्त भूतच हवं आहे, हा निर्मात्यांचा समज खोटा ठरला आहे. २०२४ चा ‘आगाक लाएन’ जत्रेतल्या भूतबंगल्यावरचा विनोदी चित्रपट. त्याला नव्वद लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. २०२५ च्या ईदला आलेल्या ‘जुम्बो’ या रायन आद्रियांदी यांच्या अ‍ॅनिमेशनपटाने एक कोटीचा आकडा पार केला. इंडोनेशियात बनलेल्या, लहान मुलांना घेऊन बघायच्या चित्रपटाला एवढी गर्दी होते, याचा अर्थ साधा आहे: आपल्या भाषेतली, मन लावून केलेली गोष्ट दिली, तर लोक येतात.

अडचण आहे ती अशी गोष्ट लोकांपर्यंत पोचण्याची. सत्तावीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात चित्रपटाचे पडदे जावा बेटावर दाटले आहेत; पूर्वेकडच्या बेटांवर ते विरळ आहेत. पडदे मोजके असल्याने मालकही खात्रीच्या भयपटालाच आधी जागा देतात आणि वेगळं काही करणारा दिग्दर्शक आठवड्याभरात बाहेर फेकला जातो.

इंडोनेशियाच्या भयपटाने प्रेक्षक परत आणला, हे त्याचं ऋण मान्य करायला हवं. पण आज तिथे बनणाऱ्या बहुतेक भयपटांत अन्वर यांचं धाडस नाही, फक्त त्यांच्या यशाची हाव आहे. जावाबाहेर पडदे वाढले आणि निर्मात्यांनी ‘जुम्बो’चा धडा घेतला, तरच ही भरभराट टिकेल.