पहिलं अक्षर कोणतं?

डॉसमध्ये फाइल पुसली की काहीच होत नसे. ‘डेल’, मग फाइलचं नाव, मग एन्टर. आवाज नाही, निरोप नाही, ‘पुसली’ एवढा एक शब्दही नाही. खालच्या ओळीवर पुन्हा ते ‘ए’, त्याच्या पुढचं बाणाचं टोक आणि लुकलुकणारी रेघ. सगळ्या फाइली एकदम पुसायला निघालं तर डॉस ‘नक्की ना?’ असं विचारी. एकटीदुकटी फाइल मात्र न विचारता जाई. बोट उचलता उचलता चूक ध्यानात यायची आणि समोरचा काळा पडदा मात्र काही घडलंच नसल्यासारखा शांत असायचा.

या शांततेला एका छोट्या प्रोग्रामनं दिलेलं उत्तर मला आजही फार सुंदर वाटतं. त्याचं नाव ‘अनइरेज’. १९८२ साली आलेल्या ‘नॉर्टन युटिलिटीज’ या संचाचा तो प्राण होता. एखाद्या कवितेजवळ बसावं तसं मला या प्रोग्रामजवळ बसायचं आहे, कारण त्याचं सगळं सौंदर्य त्यानं माणसाला विचारलेल्या एका प्रश्नात आहे. पुसलेल्या फाइलींची नावं तो दाखवतो, प्रत्येक नावाच्या आरंभी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह असतं, आणि फाइल परत हवी असेल तर तो विचारतो: पहिलं अक्षर कोणतं?

पीटर नॉर्टन हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबर्डीन गावचे. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात शिकले, काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या एका बौद्ध मठात राहिले, मोठ्या संगणकांवर प्रोग्रामही त्यांनी लिहिले. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा तो लगोलग घेणाऱ्यांत ते होते. पुढं विमान-अवकाश उद्योगातल्या कपातीत त्यांची नोकरी गेली आणि पोटापाण्यासाठी ते या छोट्या यंत्राकडं वळले. एक दिवस त्यांच्या हातून एक फाइल पुसली गेली. सगळा मजकूर पुन्हा टंकून काढायचा, हा कुणालाही सुचणारा मार्ग. त्याऐवजी ते, ती फाइल गेली म्हणजे नेमकी कुठं गेली, हे शोधायला बसले. हरवलेल्या वस्तूसाठी हळहळणारे आपण सगळेच असतो. हरवणं म्हणजे काय असतं हे पाहायला बसणारा माणूस विरळा.

त्यांना जे दिसलं ते असं. फ्लॉपीच्या सुरुवातीलाच एक नोंदवही असते, डायरेक्टरी. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर या वहीत ११२ ओळी, प्रत्येक ओळ बरोबर ३२ बाइटांची. पहिले आठ बाइट फाइलच्या नावाचे, पुढचे तीन तिच्या आडनावाचे. मग पुढं शेवटच्या बदलाची वेळ, तारीख, मजकूर जिथून सुरू होतो त्या घराचा क्रमांक, आणि सरतेशेवटी चार बाइटांत फाइलची लांबी. या घरांना क्लस्टर म्हणतात. अशा फ्लॉपीवर ती ३५४ असतात, प्रत्येक १,०२४ बाइटांचं. एका घरानंतर मजकूर कोणत्या घरात जातो याचा माग ‘फॅट’ नावाच्या वेगळ्या तक्त्यात ठेवलेला असतो.

‘डेल’ म्हटल्यावर डॉस फक्त दोन गोष्टी करतो. फॅटच्या तक्त्यात त्या फाइलच्या घरांपुढं शून्य मांडतो, म्हणजे ती घरं रिकामी झाल्याचं जाहीर करतो. आणि नोंदवहीतल्या ओळीच्या पहिल्या बाइटवर २२९ हा आकडा ठेवतो. सोळा हा पाया धरणाऱ्या अंकपद्धतीत तो ‘ई५’ असा लिहितात. झालं. मजकुराला त्यानं हातही लावलेला नसतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी शेत जागच्या जागी असतं, उभं पीकही असतं, तसंच हे. नवा कुणी येऊन तिथं नांगर घालेपर्यंत जुनी ओळ न् ओळ तशीच.

मला खरा रस आहे तो या एका बाइटात. खूण करायला जागा कुठली निवडली? नावाचं पहिलं अक्षर. म्हणजे त्या फाइलबद्दलच्या ३२ बाइटांपैकी ३१ यंत्राच्या स्मरणात राहतात, लांबीही राहते, शेवटचा बदल कोणत्या मिनिटाला झाला हेही राहतं. कायमचं जातं ते एकच अक्षर. डॉसच्या आधीच्या सीपी/एम या व्यवस्थेतही पुसल्याची खूण ई५ हीच होती. कोऱ्या आठ इंची फ्लॉपीवर कारखान्यातूनच सगळीकडं ई५ भरलेलं येई, त्यामुळं नव्या तबकडीची नोंदवही आपोआपच ‘रिकामी’ दिसे. पण सीपी/एमच्या ओळीत पहिला बाइट वापरणाऱ्याच्या क्रमांकाचा होता आणि नाव दुसऱ्या बाइटपासून सुरू होई; खूण केली तरी नाव अभंग राही. डॉसनं खूण तीच ठेवली आणि नाव एक घर अलीकडं आणलं. एवढ्याशा सरकण्यानं पहिलं अक्षर बळी गेलं. अनइरेजच्या प्रश्नाचा जन्म तिथला आहे.

तबकडीचे बाइट थेट दाखवणाऱ्या प्रोग्राममधून ही नोंदवही उघडली की पुसलेली नावं ग्रीक ‘सिग्मा’नं सुरू झालेली दिसत, कारण आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात २२९ व्या जागी सिग्मा आहे. जपानी लिपीत काही चित्राक्षरांचा पहिला बाइट खरोखरच ई५ असतो. तिथं जिवंत फाइललाही मृत ठरवण्याची वेळ आली असती. म्हणून अशा नावांसाठी डॉस ई५ च्या ऐवजी ५ हा आकडा लिहून ठेवू लागला. आणि आपल्याकडं? पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळं डॉसच्या यंत्रांवर देवनागरी उमटू लागली, आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरलं. त्या प्रमाणात २२९ व्या जागी काय आहे हे मी एकदा सहज तक्त्यात पाहिलं. तिथं ओकाराची मात्रा आहे: ‘ो’. ज्या अक्षराला ती लागायची ते अक्षर नसलेली, नुसती मात्रा. हा योगायोगच, पण पुसलेल्या नावाचं याहून नेमकं चित्र कुणी मुद्दाम काढलं असतं असं मला वाटत नाही.

आता तो प्रश्न. खरं तर यंत्राला उत्तराची गरजच नव्हती. पहिल्या अक्षराच्या जागी कोणतंही चालणारं अक्षर टंकलं तरी मजकूर तोच परत येतो. प्रोग्राम स्वतःच एखादं अक्षर ठोकून मोकळा होऊ शकला असता. तरी तो थांबून विचारतो. समजा, तुम्ही ‘कविता’ आणि ‘सविता’ अशा दोन फाइली रोमन अक्षरांत नावं देऊन ठेवल्या होत्या आणि दोन्ही पुसल्या गेल्या. यादीत आता दोन ओळी दिसतील, दोन्हींत प्रश्नचिन्हापुढं तीच पाच अक्षरं. वेगळेपण उरलं ते फक्त तारखेत, वेळेत आणि लांबीत. ‘त्या दिवशी संध्याकाळी उशिरा लिहीत बसलो होतो, म्हणजे ही कविता’ हे कळायला त्या संध्याकाळची आठवण असलेला माणूस लागतो. तबकडी ३१ बाइटांचा हिशेब देते, बत्तिसावा माणसानं आपल्या जवळचा घालायचा. सगळं ठाऊक असल्याचा आव न आणता, जे गेलं तेवढंच नेमकं मागणारा हा प्रश्न. किती सभ्य!

अक्षर दिलं की उरलेलं काम अंदाजाचं. सुरुवातीचं घर ठाऊक आहे, लांबी ठाऊक आहे, पण मधला माग फॅटमधून गेलेला आहे. ४,७०० बाइटांची फाइल म्हणजे पाच घरं. पाचव्यातले शेवटचे ४२० बाइट तिचे नव्हेत. प्रोग्राम पहिल्या घरापासून लागोपाठची रिकामी घरं धरत जातो, आणि फाइल सलग लिहिलेली असेल तर अंदाज बरोबर येतो. ती तुकड्यातुकड्यानं लिहिली गेली असेल तर मात्र चुकतो. तेव्हा तो सूत्रं तुमच्या हाती देतो: एकेक घर उघडून पाहा, वाचा, तुमचं असेल ते घ्या.

या प्रोग्रामचं इन्स्टॉल करणंही ध्यानात घेण्यासारखं आहे. हार्ड डिस्क नसलेल्या यंत्रात इन्स्टॉल असं काही नव्हतंच. प्रोग्रामची फ्लॉपी ‘ए’मध्ये, आपली ‘बी’मध्ये. मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची डिस्क घेऊन पीसी एक्सटी आला, आणि मग प्रोग्राम डिस्कवर उतरवून ठेवण्याची रीत पडली. इथं एक फार जिवाला लागणारी अडचण होती. फाइल हरवल्यावर माणूस धावत जाऊन युटिलिटी आणणार, घाईनं डिस्कवर उतरवणार. आणि तो प्रोग्राम जाऊन बसणार नेमका ‘रिकाम्या’ घरांत, म्हणजे हरवलेल्या फाइलच्याच अंगावर. म्हणून जाणते लोक सांगत: आधी काही लिहू नका, प्रोग्राम फ्लॉपीवरूनच चालवा, इन्स्टॉल नंतर करा.

त्याच संचात पुढं ‘स्पीड डिस्क’ आला. विखुरलेले तुकडे गोळा करून तो प्रत्येक फाइल सलग मांडायचा. ही आवराआवर फाइल पुसण्याआधी केलेली असली तर अनइरेजचा अंदाज अचूक ठरे. पुसल्यानंतर केली तर सगळ्या खुणा बुजून जात. आणि ‘वाइपफाइल’ही होता, मजकुरावर दुसरं काहीतरी लिहून तो खरोखरच नाहीसा करणारा. ज्यानं ‘पुसलं’ म्हणजे नाहीसं झालं नाही हे दाखवलं, त्यानंच खरं नाहीसं करण्याचं साधनही द्यावं, हे मला योग्य वाटतं. आपलं लिहिलेलं कुणाच्या हाती पडू नये असं वाटणाऱ्यालाही तेवढाच हक्क आहे.

१९९१ मध्ये एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं सेंट्रल पॉइंट या कंपनीकडून घेतलेला ‘अनडिलीट’ घातला. तोही पहिलं अक्षर विचारी. सोबतच्या ‘मिरर’ला आधीपासून पहाऱ्यावर बसवलं असेल तर तो पुसलेल्या फाइलची पूर्ण नोंद जपून ठेवी आणि विचारायची वेळ येत नसे. मग विंडोज ९५ ची रिसायकल बिन आली आणि प्रश्नच संपला. लोकांचे त्रास वाचले, ते चांगलंच झालं.

मी हा प्रश्न पहिल्यांदा पाहिला तो ताईच्या खांद्यामागून. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आमच्या गल्लीतल्या टायपिंग आणि कॉम्प्युटरच्या खोलीत टंकलं जात होतं, इंग्रजीत, आणि फ्लॉपी उसनी होती. जागा करायला म्हणून आधी त्यावरचं दुसऱ्या कुणाचं तरी जुनं काम पुसलं आणि पाठोपाठ चुकून हेही पुसलं. खोलीतले सर धावत आले. ‘काही लिहू नकोस आता, हात काढ,’ म्हणाले. त्यांनी दुसरी फ्लॉपी ‘ए’मध्ये घातली. यादी आली, प्रश्नचिन्ह आलं. ‘कोणतंही टाक, चालतं,’ सर म्हणाले. ताई म्हणाली, ‘नाही सर, एस. शेवटचा एस.’ आणि तिनं तेच टंकलं.

पानं एकेक करून उमटू लागली. आठव्या घरापर्यंत तिचं, आणि नवव्यात एकदम एका लग्नपत्रिकेचा मजकूर. आधी पुसलेलं ते जुनं काम. तिची फाइल लिहिली गेली तेव्हा ते घर त्या पत्रिकेचं होतं, म्हणून ती त्याला वळसा घालून पुढं गेली होती. सर गप्पच राहिले. त्यांनी ते घर वगळलं, पुढचं पाहिलं, तेही पत्रिकेचंच. त्याच्या पुढचं उघडलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात अर्धा शब्द आला, आधीच्या घराच्या टोकाशी तुटलेला, त्याचा नुसता मागचा तुकडा. आणि ताईनं तो सगळा शब्द मोठ्यानं उच्चारला.